बिनफोडणीचा डबा

मधली सुट्टी झाली की आमच्या बालवर्गातली मुलं सतरंजीवर ओळीने बसत, डबे समोर ठेवत आणि झाकणं उघडायला सिंधूबाईंची वाट बघत. बाई हात मागे बांधून ओळीच्या टोकाला उभ्या राहत. त्या "उघडा" म्हणाल्या की सगळी झाकणं एकदम टकाटक उघडत. मग बाई कमरेत वाकून एकेका डब्यावरून नाक फिरवत पुढे सरकत. कुणाच्या डब्याला हात लावत नसत. फक्त वास घेत.

"तुझ्या आईने आज लसूण जाळला. घाईत होती का?"

"आई मामाकडे गेली. भाजी पप्पांनी केली."

"तरीच. पप्पांना सांग, गॅस बारीक करायचं बटणसुद्धा असतं."

मला ही पद्धत पहिल्या दिवशी फार विचित्र वाटली. मी बी.ए. करून नुकतीच शहाद्याच्या त्या छोट्या इंग्रजी शाळेत लागले होते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं म्हणून मला घेतलं होतं, आणि मी फारशी बोलत नाही म्हणून बाईंनी मला आपल्या वर्गात मागून घेतलं होतं. "बोलायला मी आहे," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या होत्या. "मला ऐकणारी द्या."

बोलायला त्या खरोखरच होत्या. बुटक्या, रुंद, पदर खोचलेला, मंगळसूत्राला सेफ्टी पिनांचा घोस. त्यातली एखादी पिन कुणा ना कुणाच्या चड्डीला रोज लागायची. आवाज असा, की बालवर्गातून "हात धुवा" म्हटलं की चौथीची मुलंही उठत. शाळेचा नियम होता की वर्गात इंग्रजीच बोलायचं. बाई नियम पाळायच्या, पण आपल्या परीने. "गो स्लोली, नाहीतर फॉल." "वॉश बोथ हँड. मागून पण." मूल रडायला लागलं की मात्र इंग्रजी बंद आणि अहिराणी सुरू. "काय व्हयनं रे मन्हा राजा? कोनी मारं तुले?" संस्थेच्या एका साहेबांनी यावरून हटकलं तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, हसणारं मूल इंग्रजीत हसवते मी. रडणाऱ्याला भाषांतर कुठून करत बसू?"

डब्यांचा वास घेण्याची सवय त्यांना धडगावकडे लागली होती. जिल्हा परिषदेच्या नोकरीची पहिली वर्षं त्यांनी तिकडे डोंगरात काढली. मुलं पावरी बोलायची, बाई अहिराणी, आणि पुस्तक मराठी. कुणाचं कुणाला कळेना. "मग मी त्यांच्या जेवणात जाऊन बसले," त्या सांगायच्या. "भाकरी दाखवायची, नाव विचारायचं. भाजी दाखवायची, नाव विचारायचं. पोरं हसून लोळायची, एवढी मोठी बाई आणि हिला भाजीचं नाव येत नाही! महिनाभरात मी शिकले, मग ती शिकली." खाली शहाद्याला यायचं तर जीपमध्ये जागा नसायची, मग बाई टपावर बसून घाट उतरायच्या. एका उतारावर जीपचा ब्रेक लागेना तेव्हा त्यांनी टपावरूनच ड्रायव्हरला सूचना दिल्या म्हणे. ही गोष्ट सांगताना त्या ड्रायव्हरचीही बाजू मांडायच्या. "बिचारा ऐकत होता माझं. काहींना ऐकूनच धीर येतो."

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्या आमच्या शाळेत आल्या. नाक सोबत घेऊन.

त्या नाकाचं खरं काम मला पहिल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास कळलं. आमच्याकडे घरात मुलाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या की माता आली म्हणतात. माता घरात असेपर्यंत तळण नाही, फोडणी नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, म्हणजे बाहेरचं माणूस आत येत नाही. पण हल्ली लोक डहाळा लावत नाहीत. धाकट्याला पुरळ आलं हे शाळेला कळलं तर थोरल्यालाही घरी बसवतील, त्याचा अभ्यास बुडेल, म्हणून कुणी बोलतही नाही. फोडणी द्यायची मात्र कुणाची हिंमत होत नाही. थोरला शाळेत येतो तो साधं वरण आणि पांढरा भात घेऊन.

"माणूस तोंडाने खोटं बोलतो," बाई मला म्हणाल्या. "कढईने खोटं बोलायला घाबरतो."

आणि त्याच आठवड्यात त्या सपशेल फसल्या.

आमच्या वर्गात दिया नावाची मुलगी होती. तिच्या घरचं कापडाचं दुकान. कुटुंब राजस्थानातून आलेलं, जैन, तीन पिढ्या शहाद्यात. दियाच्या डब्यात एकदा नुसते उकडलेले मूग आले. दुसऱ्या दिवशी कोरडी रोटी आणि उकडलेली डाळ. तेल नाही, तिखट नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. दियाला धाकटा भाऊ होता. बाईंनी डब्यावरचं नाक उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी न विचारता स्कूटीची चावी काढली.

दुकानाच्या मागेच घर. बाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि दियाच्या आजीला हळू आवाजात, म्हणजे समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतपत, म्हणाल्या, "दादीजी, छुपाओ मत. छोटे को बुखार कबसे है?"

"बुखार? किसको?"

"देखो, मेरेको सब समझता है. तुम्हारे घर में तीन दिन से फोडणी नहीं हुई."

दादीजी आधी थक्क झाल्या, मग त्यांना हसू आवरेना. "अरे बाई, आयंबिल की ओळी चालू है! मैं और बहू नौ दिन बिना तेल-मसाले का खाते हैं. ये दिया मेरी नकल करती है. बोली, मेरेको भी दादी वाला डब्बा दो."

तेवढ्यात तो धाकटा भाऊ, अंगावर एक कपडा नाही, प्लास्टिकच्या मोटारीवर बसून आमच्यामधून सुसाट गेला.

परत येताना बाई स्कूटीवर मागे बसून इतक्या हसल्या की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. पुढे दादीजी ओळीच्या आदल्या दिवशी आठवणीने निरोप पाठवू लागल्या. बाईको बोलो, कल से ओळी है, डरना मत.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर बाईंची लेक मनीषा सुरतेहून बाळंतपणाला आली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेलेली, दवाखाने झालेले, सगळ्यांनी विचारणंसुद्धा सोडून दिलेलं. मुलगी झाली. बाईंनी वर्गात पेढे वाटले आणि वर मुलांना सांगितलं, "मी आजी झाले. आय ॲम ग्रँडमदर. क्लॅप." मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाव ठेवायचं होतं, तोवर बाई बाळाला ठकी म्हणायच्या. आधी शाळा सुटल्यावर त्या तासभर रेंगाळायच्या. आता घंटा वाजायच्या आत त्यांची पिशवी खांद्याला असायची.

आणि मग जान्हवीचा डबा आला. जान्हवी कळसाडीहून व्हॅनने यायची. तिच्या घरच्या वरणाला लसणाची अशी सणसणीत फोडणी असायची की तिचं झाकण उघडलं की शेजारची मुलं शिंकत. त्या दिवशी कुणी शिंकलं नाही. पिवळं, शांत वरण.

"काल डब्यात काय होतं गं?" बाईंनी विचारलं. आदल्या दिवशी त्या रजेवर होत्या, बाळाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून.

"हेच. आजी म्हणते आता फोडणी नाही द्यायची. आणि कुणाला सांगायचं पण नाही."

"मग नको सांगू," बाई म्हणाल्या आणि पुढच्या डब्याकडे गेल्या.

शाळा सुटल्यावर आम्ही कळसाडीला गेलो. जान्हवीच्या घरी अंगणात कपाशीच्या काड्या रचलेल्या, दार लोटलेलं. दाराला काही नव्हतं, पण कडीमागे, आतल्या बाजूने, कडुनिंबाचा छोटासा डहाळा खोवलेला दिसत होता. जान्हवीची आजी बाहेर आली.

"बाई! तुमी? आठे?"

"नातूले कसं शे आते?"

आजीने मागे दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोनी सांगं तुमले? जान्हवीनी?"

"नही. तुमनी दाळनी सांगं."

आजीने कपाळाला हात लावला. आतून जान्हवीची आई आली, कडेवर धाकटा, डोळे लाल, अंगभर पुरळ. ती रडायलाच लागली. ऊसतोड चालू, माणसं शेतात, जान्हवी घरी बसली तर तिच्याकडे कोण बघणार, असं बरंच काही. बाई रागावतील अशी माझी खात्री होती. बाईंनी आतला डहाळा उपसला, बाहेर आणला आणि म्हणाल्या, "माता घरमा उनी आनि दारले काहीच नही? तिना मान काय ऱ्हायना?"

"लोके काय म्हनतीन?" आजी म्हणाली.

"लोके लांबथून जातीन. तेच पाहिजे ना आपले." मग त्यांनी स्वतः चौकटीला डहाळा बांधला, सेफ्टी पिनेने. "आते नर्सले बी बलावा. तिले तिनं काम करू द्या, लिंबले लिंबनं."

नर्स आली, डॉक्टर आले, आजूबाजूच्या घरांतली मुलं तपासली, राहिलेल्या लसी टोचल्या. पण जान्हवी तोवर वर्गात आमच्याबरोबर बसलेली होती. थोड्याच दिवसांत तिला ताप आला, मग आणखी काही मुलांना. शाळेने बालवर्ग बंद ठेवला. शेवटच्या दिवशी मुलं गेल्यावर बाईंनी खिडक्या लावल्या, पाण्याचा माठ पालथा घातला आणि मला म्हणाल्या, "मी इथेच राहते."

"इथे म्हणजे?"

"वर्गात. घरी ठकी आहे."

मला लहानपणी लस मिळाली होती. आईला विचारलं, तिने खात्रीने सांगितलं. बाईंच्या लहानपणी लस नव्हती. त्यांना गोवर निघून गेला होता की नाही हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर हसले. "बाई, तुमच्या वयाच्या माणसाला गोवर निघून गेलेलाच असतो. बिनधास्त घरी जा."

"असतोच म्हणजे? तुम्ही पाहिला होता का?"

"मी कसा पाहीन? माझा जन्म तरी झाला होता का?"

"मग. डॉक्टर, ती अजून लस टोचायच्या वयाची नाही. तुमच्या 'असतोच'वर मी तिला मांडीवर घेऊ?"

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, रक्त तपासता येतं तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, कागद येईपर्यंत तरी मी लांबच राहणार, आणि कागद आला तरी मी विचार करीन. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, कारण नाही म्हणून उपयोग नव्हता. बालवर्गातली बुटकी टेबलं जोडून बाईंचा पलंग झाला. पाय बाहेर यायचे, तिथे खुर्ची.

मुलांना त्यांनी सोडलं नाही. "मी आता त्यांच्यातलीच," म्हणत त्या रोज माझ्या स्कूटीवर बसून ताप आलेल्या मुलांच्या घरी जायच्या. औषध न घेणाऱ्या जान्हवीपुढे त्यांनी बाहुलीला आधी पाजलं, मग बाहुलीने तोंड कसं वाकडं केलं ते करून दाखवलं. जान्हवी हसली तेवढ्यात चमचा आत गेला. मुलं हळूहळू उठून बसू लागली, भांडू लागली. भांडण ऐकलं की बाई खूश व्हायच्या. "आता बरं आहे हिला. शिव्या स्पष्ट येतात."

घरून डबा आबा आणायचे. आबा म्हणजे बाईंचे यजमान, एसटीचे निवृत्त कंडक्टर. अत्यंत कमी बोलणारे. आयुष्यभर 'पुढे सरका' एवढंच मोठ्याने बोलून झाल्यामुळे बाकीचं शिल्लक राहिलं असावं. सायकलवरून यायचे, शाळेच्या भिंतीवर डबा ठेवायचे, चार पावलं मागे सरकून उभे राहायचे. बाई डबा उघडून वास घ्यायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "जिरं करपनं." आबा मान हलवायचे आणि जायचे.

संध्याकाळी बाई आपल्याच घरासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहत. मनीषा ओट्यावर येऊन बाळ उंच धरायची. "डावा गाल दाखव! आता उजवा! टोपी काढ, उकडतं तिला!" गल्लीतले लोक गच्चीवर जमत. मनीषा म्हणायची, आई, व्हिडिओ कॉल कर ना, इतकी ओरडतेस कशाला. बाईंना ते पटत नव्हतं. "मोबाईलमध्ये नात बघणं म्हणजे पेपरात छापलेली जिलबी."  पण एकदा परत येताना मी आरशात पाहिलं तर त्या डोळे पुसत होत्या. "वजन कळत नाही गं लांबून," एवढंच म्हणाल्या.

चैत्राचं ऊन तापलं. वर्गावर पत्रा, पंखा जुना. एका दुपारी मी गेले तेव्हा बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उघडलेला, पण जेवल्या नव्हत्या.

"वास घे," त्या म्हणाल्या.

मी कधी घेतला नव्हता. वाकले. वरणाला कसलाच वास नव्हता.

"काल रात्रीही असंच होतं. मी म्हटलं विसरले असतील." त्यांनी झाकण लावलं. ते दोनदा तिरपं बसलं. "मिस, गाडी काढ."

बाई डबा पोटाशी धरून मागे बसल्या.  गल्लीत शिरलो तर लांबूनच दिसलं, दाराला कडुनिंबाचा डहाळा. मोठा, ताजा, पानं अजून टवटवीत.

बाई गाडी थांबायच्या आत उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. आत गेलं आणि बाळ धडधाकट असलं तर? बाहेर राहिलं आणि ते तापाने फणफणलं असलं तर? त्यांचा हात कडीवरून निघतही नव्हता आणि कडी उघडतही नव्हता.

"अहो!" शेवटी त्या ओरडल्या. गल्लीने याआधी असा आवाज ऐकला नसावा. "अहो, बाहेर या!"

आबा बाहेर आले. खांद्यावर टॉवेल, हातात दुधाची बाटली धुवायचा ब्रश.

"कव्हयना ताप शे?"

"कोनले?"

"ठकीले!"

"ठकी तं दूध पी ऱ्हायनी," आबा म्हणाले.

"मंग हाऊ डहाळा कसाना? फोडणी काबर नही दी?"

आबांनी ब्रशकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तुन्हा हातवर दखं मी. भिंतपाशी. लाल लाल. घरनं माणूस गोवरमा पडेल शे, मंग मी फोडणी कशी देऊ?"

बाईंनी आपला हात उचलून पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल पुरळ होतं खरं.

"हाई घामोळं शे!" त्या म्हणाल्या. "पत्राखाले झोपस मी! घामोळं!"

"बरं," आबा म्हणाले.

"माले इचारतास ना मंग!"

"तू घाबरी जाती."

आतून मनीषाचा हसण्याचा आवाज आला. "आई, मलासुद्धा दोन दिवस बिनफोडणीचं चारलं आबांनी. विचारलं तर म्हणे, बाळंतिणीला हलकं बरं."

बाईंना रागवायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्या तिथेच, फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग बराच वेळ पदर काढला नाही. आबा फाटकाच्या आतल्या बाजूला, जमतील तेवढे जवळ, उकिडवे बसले. दोघांच्या मध्ये कडी लागलेली होती.

मुलं बरी झाली. नवीन पुरळ कुणाला आलं नाही. डॉक्टरांनी तपासलेल्या रक्ताचा कागदही आला. बाईंना गोवर केव्हाच निघून गेला होता. "बघा," डॉक्टर म्हणाले. बाई म्हणाल्या, "बघितलं. आणखी थोडे दिवस थांबते." आणि थांबल्या.

त्यानंतर बाई शाळेत आल्या नाहीत. मनीषाला कामावर रुजू व्हायचं होतं, बाळाला सांभाळायला कुणी हवं, म्हणून त्या आणि आबा दोघं तिच्याबरोबर सुरतेला गेले. मी पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेसाठी नंदुरबारला होते, निघताना भेट झाली नाही. फोनवर बोलणं होतं, म्हणजे त्या बोलतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घरी सोडलं त्या सकाळी. त्यांनी आधी मागच्या अंगणात आंघोळ केली, केसांवरून पाणी घेतलं, मनीषाने ठेवलेलं धुतलेलं लुगडं नेसल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या. मनीषाने बाळ आणून ठेवलं. ते जरा कुरकुरलं, मग झोपलं.  मी "येते बाई" म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

मी गाडी वळवली तोवर ऊन ओट्यावर आलं होतं. मनीषा म्हणत होती, आई, आत चल. बाईंनी मान हलवली. उठलं तर बाळ जागं होईल. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी दोघींवर ताणून धरला आणि तसेच उभे राहिले.